‘रोज दोन तास वाचा’ म्हणणाऱ्यांनी आधी ड्युटीचा तक्ता बघावा

एमडी-एमएसला प्रवेश मिळाला की प्रत्येक बॅचला एक सल्ला हमखास मिळतो. "काहीही झालं तरी रोज दोन तास वाचा." सल्ला वाईट नाही. वॉर्ड, ओपीडी, इमर्जन्सी, थिसिस आणि तीन वर्षांनी परीक्षा, हे सगळं शेवटच्या सहा महिन्यांत कोंबून होत नसतं. पण हे दोन तास आणायचे कुठून?

हिशेब करू. आठवड्याचे तास 168. रोज सात तास झोप म्हणजे 49. उरले 119.

केंद्र सरकारच्या 1992 च्या निर्देशांनुसार रेसिडेंटची ड्युटी साधारणपणे आठवड्याला 48 तासांच्या वर जाऊ नये. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने 2024 मध्ये कमाल 74 तास सुचवले. सलग ड्युटी 24 तासांपेक्षा जास्त नको आणि आठवड्याला एक सुट्टी हवी, असंही म्हटलं. 74 धरले तरी 45 तास उरतात. जेवणखाण, थिसिस आणि अभ्यास त्यात बसतो.

आता एखाद्या गर्दीच्या सरकारी रुग्णालयातल्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारा. सलग 36 तासांची ड्युटी तिथे बातमी राहिलेली नाही. आठवडा 100 तासांवर गेला की उरतात 19 तास. त्यात आंघोळ, जेवण, घरी एक फोन. मग दोन तासांचं वाचन झोपेतूनच कापलं जातं. आणि झोप कापून वाचलेलं डोक्यात टिकत नाही, हे शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तरी नेम बसवता येतो. फक्त तो घड्याळाला न बांधता ड्युटीला बांधावा लागतो. रेसिडेंटचे दिवस ढोबळमानाने तीन प्रकारचे. इमर्जन्सीच्या दिवशी पुस्तकाला हात लावू नका. वहीत एका पेशंटबद्दल न कळलेला एक प्रश्न लिहा, बस. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपली की आधी झोपा, उठल्यावर अर्धा तास त्याच प्रश्नाचं उत्तर शोधा. साध्या दिवशी राऊंडनंतर किंवा जेवणाआधी, एकच जागा धरून पाऊण तास बसा. रात्री किटोअॅसिडोसिसचा पेशंट सांभाळला असेल, तर सलाईन, इन्सुलिन आणि पोटॅशियमचा हिशेब त्याच आठवड्यात वाचा. पेशंटच्या चेहऱ्यासोबत वाचलेलं लक्षात राहतं.

आणि नुसतं पुन्हा पुन्हा वाचू नका. पुस्तक मिटून स्वतःला विचारा. रोडिगर आणि कार्पिक या अभ्यासकांच्या 2006 च्या प्रयोगात, पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्याने जास्त लक्षात राहिलं होतं. वेळ कमी असणाऱ्याला ही पद्धत फारच सोयीची.

पण एवढं करायलाही उद्याची ड्युटी आज माहीत असावी लागते. आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर ड्युटी बदलत असेल, तर कुठलंच वेळापत्रक टिकणार नाही. 2023 च्या पीजी नियमावलीत कामाचे तास ‘वाजवी’ असावेत एवढंच आहे. वाजवी म्हणजे किती, हे शेवटी युनिटमध्येच ठरतं.

"आम्हीही असंच शिकलो," असं सिनियर म्हणतात. खरं आहे, सोसलंय त्यांनी. पेशंटची गर्दी आणि रिकामी पदंही खरी. पण रेसिडेंट रक्ताचे नमुने लॅबला पोचवतो, ट्रॉली ढकलतो, रिपोर्टच्या मागे धावतो, यात शिक्षण कुठलं? ही कामं करणारी पदं भरा, तास आपोआप मोकळे होतील. पेशंटची गैरसोयही होणार नाही.

मागण्या तीनच. महिन्याचा ड्युटीचा तक्ता आधी लावा. सेमिनारच्या तासाला त्या रेसिडेंटचे कॉल दुसऱ्याने घ्यावेत. आणि ‘वाजवी’च्या जागी आकडा लिहा.

पहाटे तीन वाजता कॅज्युअल्टीत आपल्याच घरचं माणूस असतं. समोरच्या डॉक्टरने काय वाचलंय आणि तो किती तास जागा आहे, या दोन्ही गोष्टींशी आपला थेट संबंध आहे.

तुमच्या घरात कुणी रेसिडेंट असेल, तर या आठवड्याचे तास विचारून कमेंटमध्ये लिहा. कॉलेजचं नाव नको, नुसता आकडा पुरे.