खडकाला हवा तसा हिरा

समजा, कोयनेच्या डोंगरात तुम्हाला दीड किलोमीटर खोल भोक पाडायचंय. आधी शेकडो मीटर काळा बेसॉल्ट, त्याखाली ग्रॅनाइट. गंमत नाही, भूकंपांच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी दशकभरापूर्वी तिथे खरंच अशी भोकं घेतली आणि आतल्या दगडाचे दंडगोल नमुने वर काढले. अशा नमुन्याला ‘कोअर’ म्हणतात. तो कापायला लागतं हिऱ्याचं बिट.

मग काय, ऑनलाइन शोधायचं आणि ऑर्डर टाकायची? इथेच गाडी अडते. बिटच्या तोंडाला धातूची पूड आणि हिऱ्याचे बारीक कण एकत्र बसवलेले असतात. खडक कापताना हिरे बोथट होतात; तेव्हा भोवतालचा धातू झिजून खालचे ताजे हिरे उघडे पडायला हवेत. म्हणून कठीण, बारीक कणांच्या खडकाला मऊ धातूचं बिट लागतं आणि भुसभुशीत, खरवडणाऱ्या वाळूच्या दगडाला टणक धातूचं. उलटं वाटतं ना? चुकीचं बिट घेतलंत तर ते एकतर गुळगुळीत होऊन नुसतं फिरत राहतं, नाहीतर बघता बघता संपतं.

त्यामुळे चांगला पुरवठादार ओळखायची खूण सोपी आहे. भाव सांगण्याआधी तो तुम्हालाच प्रश्न विचारतो: खडक कोणता? यंत्र किती ताकदीचं? पाणी किती मिळतं? आणि तुम्ही त्याला विचारायचं, एका बिटमध्ये किती मीटर जाईल? स्वस्त बिट चाळीस मीटरमध्ये संपलं, तर ते बदलायला अख्खी नळ्यांची माळ वर काढावी लागते. तो दिवस फुकट.

आता बातमीकडे या. जगातले बहुतांश औद्योगिक कृत्रिम हिरे चीनमध्ये बनतात. ऑक्टोबर 2025 मध्ये चीनने त्यातल्या काही प्रकारांच्या निर्यातीवर परवान्याची अट जाहीर केली. अंमल सुरू होण्याच्या तोंडावर तिला 10 नोव्हेंबर 2026 पर्यंत स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे माघार नव्हे, हे लक्षात घ्या.

इकडे आपण जानेवारी 2025 मध्ये 16,300 कोटींचं राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर केलं. 2030-31 पर्यंत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला 1,200 शोधप्रकल्प करायचेत. लिथियम असो वा ग्रॅफाइट, जमिनीखाली नक्की किती आहे ते शेवटी कोअर काढूनच कळतं. म्हणजे चीनवरचं अवलंबित्व कमी करण्याच्या मोहिमेचं टोकच चीनच्या हिऱ्यावर टेकलेलं असू शकतं.

सुरतेत प्रयोगशाळेतले हिरे बनतात की, असं तुम्ही म्हणाल. बनतात, पण ते मुख्यतः दागिन्यांसाठी, वायूपासून थर चढवून. बिटमधले कण प्रचंड दाबाच्या यंत्रात तयार होतात. तंत्र वेगळं, बाजारही वेगळा. बिट बनवणारे कारखाने देशात आहेत. पण आतला कण कुठून आला, हेही आता विचारायला हवं.

मेटलर्जी, जिऑलॉजी किंवा मेकॅनिकलला असाल, तर प्रोजेक्टचा विषय शोधत फिरू नका. आपल्या बेसॉल्टला नेमका किती मऊ धातू लागतो, हे शोधा. हिरा उद्या दुसरीकडून आणता येईल. आपल्या खडकाची माहिती मात्र आपल्यालाच गोळा करावी लागेल.