नववी मुलगी

गुणी माणसाला डावलले, की लोक हळहळतात. त्याच माणसाला नियम मोडून परत बोलावले, की हळहळणारेच संतापतात. मोमो हिराई या जपानी नर्तकीने हे दोन्ही अनुभव वयाच्या अठराव्या वर्षी, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने घेतले.

मोमो क्योतो प्रांतातील क्योतानाबे गावची. तिसऱ्या वर्षापासून ती थोरल्या बहिणीबरोबर नाचू लागली. दोघींच्या नृत्याची चित्रफीत कोरियातील जेवायपी या करमणूक कंपनीच्या नजरेस पडली. २०१२ साली दोघींनी चाचणी दिली. निवड झाली ती एकट्या मोमोची. घर, भाषा आणि जोडीदारीण बहीण मागे ठेवून ही मुलगी सोलला गेली.

मे ते जुलै २०१५ मध्ये कंपनीने 'सिक्स्टीन' ही दूरचित्रवाणी मालिका केली. सोळा मुलींतून सात निवडायच्या होत्या. मोमो मध्येच गळाली. शेवटच्या दिवशी सात नावे जाहीर झाली आणि मग कंपनीचे प्रमुख पार्क जिन-यंग यांनी आणखी दोन वाढवली. आठवी प्रेक्षकांची आवडती त्झूयू, नववी मोमो. गटाला तिच्या नृत्याची गरज आहे, हे त्यामागचे कारण.

प्रेक्षक खवळले. त्यांचे काय चुकले? स्पर्धेचा नियम सर्वांना सारखाच हवा. परंतु नियम कंपनीचा, परीक्षक कंपनीचा आणि तो मोडण्याचा अधिकारही कंपनीचाच. मुलींच्या हाती होता तो फक्त सराव. राग जायला हवा होता मालकाकडे. तो कोसळला एका परक्या मुलीवर. पदार्पणाच्या कार्यक्रमात उभे राहायचे तर सात किलो वजन उतरव, असे आपल्याला सांगण्यात आले होते आणि त्यासाठी आपण जवळजवळ उपाशी राहिलो, हे पुढे मोमोनेच सांगितले. रंगमंचावरच्या हसऱ्या चेहऱ्याची ही किंमत प्रेक्षकाला दिसत नाही; दिसू नये, अशीच व्यवस्था असते.

२० ऑक्टोबर २०१५ रोजी 'ट्वाइस' हा नऊ मुलींचा गट लोकांपुढे आला. त्यात तिघी जपानी, एक तैवानची. जपानने १९१० ते १९४५ कोरियावर राज्य केले. त्या जखमा इतक्या ओल्या, की जपानी करमणुकीवरची बंदी कोरियाने १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठवली. अशा देशात जपानी मुलगी लाडकी होते आणि २०१७ साली कोरियन गटातून गाजत मायदेशी परतते, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच वर्षअखेरीस जपानच्या 'कोहाकु' या मानाच्या कार्यक्रमात ट्वाइस झळकला. सहा वर्षांत त्या मंचावर कोरियन कलावंत आले नव्हते.

म्हणून काही कलेने वैर मिटवले, असे मानण्याचा भाबडेपणा नको. २०१९ साली दोन्ही देशांत व्यापारी भांडण पेटले, कोरियात जपानी मालावर बहिष्कार आला आणि गटांतील जपानी मुलींनाही घरी पाठवा, अशी मागणी काहींनी केली. माणूस आणि माल यांतला फरक किती सहज पुसला जातो! सुदैवाने तिला विरोध करणारे कोरियनही होते. मुली राहिल्या. २०२३ साली त्या तिघींचा 'मिसामो' हा स्वतंत्र उपगटही निघाला.

मोमोने आपली नववी जागा नाचूनच खरी करून दाखवली. तिचा नियमभंग आज कुणाला खटकत नाही. पण यशाने निवडपद्धतीचा दोष धुऊन निघतो काय? सोळातल्या सात जणींना त्या रात्री कुणी परत बोलावले नाही. मोमोच्या बाबतीत परीक्षकाने आपली चूक ओळखली. बाकीच्यांच्या बाबतीत त्याची चूक झालीच नव्हती, असे छातीठोकपणे कोण सांगणार?