मागचा जन्म, पुढचे सात जन्म आणि मधली बाई

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कुठल्याही गावच्या बसस्थानकावर पुस्तकांचा गाळा असेल तर तिथं जरा वेळ थांबून पाहावं. व्रतांच्या पोथ्या, पाककृती, पोलीस भरतीची मार्गदर्शकं, आणि या सगळ्यांच्या पुढं, उभी करून ठेवलेली, ‘स्वतःचा शोध’ घ्यायला लावणारी पुस्तकं. रॉन्डा बर्न यांचं ‘द सीक्रेट’ २००६ साली आलं आणि मराठीतही पोचलं. मनात जसा विचार धराल तसं आयुष्य तुमच्याकडं ओढलं जाईल, हे त्याचं सार. ब्रायन वाइस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचं १९८८चं पुस्तक आणखी पुढं जातं, किंवा मागं जातं म्हणा. संमोहनाखाली एका तरुण बाईला आपले मागचे जन्म आठवतात आणि तिच्या आजच्या भीतीची मुळं तिथं सापडतात, असं ते सांगतं. अंगणवाडीताई, आशाताई, शिकलेल्या सुना अशा कितीतरी जणी ही पुस्तकं वाचतात आणि एकमेकींना देतात.

बायका वाचतात याचा मला आनंदच आहे. दिवसभरात अर्धा तास जिला स्वतःसाठी मिळत नाही ती झोप मोडून पुस्तक वाचत असेल, तर त्या पुस्तकाला नावं ठेवून मोकळं होणं मला शक्य नाही. तिला त्यात काहीतरी सापडतं. ‘तू कोण आहेस?’ असं तिला घरात कुणी विचारत नाही, पुस्तक विचारतं. पण त्या प्रश्नाचं जे उत्तर पुस्तक तिच्या हातावर ठेवतं, त्याविषयी मला बोलायचं आहे.

खरं तर मागच्या जन्मात जाऊन येण्यासाठी आमच्याकडच्या बाईला पुस्तकाची गरज कधीच नव्हती. समाजकार्याची पदवी घेऊन मी या जिल्ह्यात काम करायला लागले तेव्हापासून एक वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांनी ऐकत आले आहे. “ताई, मागल्या जल्माचं देणं आसंल कुणाचं तरी, ह्या जल्मात फेडायलेय.” पाठीवर वळ असलेली बाई हे म्हणते. तीन मुलींनंतर चौथ्यांदा दिवस गेलेली म्हणते. कर्जापायी नवऱ्यानं गळफास घेतला, ती तर म्हणतेच, कारण दहाव्याला आलेल्या बायकांनी तिला तेच ऐकवलेलं असतं. मागं पाप, आणि पुढं वडाला दोरा गुंडाळून मागितलेले सात जन्म, तेही याच नवऱ्याबरोबर! अशी ही आमची कालयात्रा. मागं जाता येतं, पुढं जाता येतं, फक्त जो एक जन्म हातात आहे तिथं मुक्कामाला जागा नाही.

नव्या पुस्तकांनी या जुन्या वाक्याला फक्त नवं कव्हर घातलं आहे, असं माझं मत आहे. पूर्वी दोष मागच्या जन्मातल्या वागण्याचा होता, आता या जन्मातल्या विचारांचा. दोन्हीकडं दोषी बाईच. मारणारा हात, सावकाराची वही, मुलगाच हवा म्हणणारं घर, यातलं कुणीच या हिशोबात येत नाही.

याच चालीचं बोलणं आमच्या भागानं एकदा फार मोठ्या प्रमाणावर ऐकलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला. लातूर जिल्ह्यात किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यात सास्तूर व आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. माझ्या घरातल्या मोठ्या बायका सांगत की, पाप फार वाढलं होतं म्हणून धरणी हलली असं तेव्हा पुष्कळ लोक बोलत. माणसं दगावली ती कशानं? मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं म्हणून. कारण भिंतीत होतं. ते एकदा भिंतीत सापडलं की पुढचं घर वेगळं बांधता येतं. पापात सापडलं तर फक्त नवस बोलता येतो.

आता कुणी म्हणेल, ही बाई अध्यात्माच्याच विरोधात दिसते. तसं नाही. तुळजाभवानीच्या आणि गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात काम करणाऱ्या कार्यकर्तीला तसं असून चालतही नाही आणि मी तशी नाहीही. मला विचारायचं असतं ते एवढंच, की स्वतःचा शोध कुणी घेतला आणि त्याची किंमत कुणी मोजली? तेरच्या गोरोबाकाकांची कथा घ्या. भजनात देहभान हरपलेले काका चिखल तुडवतात आणि त्या चिखलात स्वतःचं रांगतं मूल तुडवलं जातं. पुढं विठ्ठल मूल परत देतो, ही भक्तीची थोरवी म्हणून शेकडो वर्षं कीर्तनांतून सांगितली गेली. मूल तिथं सोडून पाण्याला गेलेली ती आई, संती, परत येऊन आकांत करते, तो मात्र कथेत काकांच्या समाधीला आलेला अडथळा म्हणून येतो. गावोगावच्या बैठकीत मी ही गोष्ट संतीच्या बाजूनं सांगून पाहिली आहे. एकही बाई रागावत नाही. उलट पाण्याला जाताना मूल कुणाजवळ ठेवायचं यावर बोलणं सुरू होतं आणि विषय पाळणाघरावर येतो.

आणि मराठवाड्यातल्याच एका बाईनं काळाच्या मागं जाऊन स्वतःला शोधल्याचं लिहून ठेवलं आहे, तेही साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या काळात. संत बहिणाबाई शिऊरकर. (जळगावच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. दर शिबिरात हा खुलासा करावा लागतो.) जन्म १६२८च्या सुमारास देवगाव रंगारीचा. अजून खेळण्याच्याही वयात नसताना तिशीच्या बिजवराशी लग्न. पुढं कर्जाच्या भांडणातून घर सुटलं, पायपीट करत हे कुटुंब कोल्हापूरला पोचलं. तिथं कीर्तनं ऐकून आणि एका वासराच्या लळ्यातून तिचं मन तुकोबांकडं ओढलं गेलं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्र गुरू मनात धरावा, लोक तिच्या दर्शनाला यावेत, हे नवऱ्याला सहन झालं नाही. त्यानं तिला बेदम मारलं. हे सगळं तिनं आपल्या अभंगांत स्वतः सांगितलं आहे. एवढ्या जुन्या काळात घरातली मारहाण मारणाऱ्याचं नातं लपवून न ठेवता सांगणारी दुसरी किती उदाहरणं आपल्याकडं आहेत?

याच आत्मनिवेदनात शेवटाकडं तिनं मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगितले आहेत. हा तेरावा. बाईच्या देहाला वेद नाही, मंत्र नाही, पराधीनपण मात्र आहे, याची तिची खंत सगळ्या लेखनातून जाणवत राहते. तिनं ‘वज्रसूची’ मराठीत आणली, म्हणजे जन्मानं ब्राह्मण ठरतो का, हा प्रश्न ब्राह्मण घरातल्या बाईनं मराठीत विचारला. त्याच लेखणीनं तिनं पतिव्रतेचे धर्मही सांगितले आहेत, नवऱ्याच्या सेवेतच परमार्थ पाहिला आहे. म्हणून तिला घाईघाईनं आपल्या चळवळीची आद्य कार्यकर्ती करून टाकू नये. ती नवरा सोडत नाही, पण तुकोबाही सोडत नाही. या ओढाताणीत तिला बारा जन्म मागं जावं लागलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिच्या मागच्या जन्मांची कथा तिची स्वतःची आहे. ती तिला दुसऱ्या कुणी, मार खाल्ल्यावर गप्प बसावं म्हणून ऐकवलेली नाही. आमच्या बायकांच्या तोंडी येणारा ‘मागला जल्म’ बहुतेक वेळा सासूनं किंवा शेजारणीनं, कधी एखाद्या बुवानं, त्यांच्या पदरात टाकलेला असतो. शब्द एकच आहे म्हणून दोन गोष्टी एक होत नाहीत.

बहिणाबाईंच्या शेजारी मी नेहमी शांताबाई कांबळे यांचं पुस्तक ठेवते. १९८६ साली ते पुस्तकरूपानं आलं, ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. सोलापूर जिल्ह्यातल्या महार घरातली मुलगी शिकते, शिक्षिका होते, त्याची ही हकिकत. नावातच ‘माज्या जल्माची’. बारा नाही, सात नाही, एक. या एका जन्मातली भूक आणि शिवाशिव त्यांनी सांगितली, पण ती कुठल्या पूर्वजन्मीच्या खाती टाकली नाही. मागच्या पापाची ही भाषा जातीनंही तितकीच वापरली आहे, हे दलित बायकांना आपल्या आधी कळलं होतं.

विज्ञानकथेकडं वळायचं तर मराठीत पहिलं नाव जयंत नारळीकरांचंच. २०२५च्या मे महिन्यात ते गेले. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा इंग्रजीतून अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही आली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा एका जगात जातात जिथं विश्वासरावांना गोळी लागलेलीच नसते आणि पानिपत मराठे जिंकलेले असतात. एका गोळीनं इतिहास वळतो! ही कथा मी किशोरी मुलींच्या गटात सांगितली. एकीनं विचारलं, मग तिथं बायांचं काय झालं? १७६१च्या त्या लढाईत फौजेबरोबर हजारो बायका होत्या आणि पराभवानंतर कितीतरी जणी गुलाम म्हणून नेल्या गेल्या. गोळी चुकली असती तर त्या घरी आल्या असत्या. आणि घरी येऊन? यावर मुली बराच वेळ बोलत होत्या.

बायकांनी लिहिलेल्या कालप्रवासाच्या कादंबऱ्यांत हाच प्रश्न मधोमध असतो. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेची ‘किंड्रेड’ १९७९ची. १९७६ साली कॅलिफोर्नियात राहणारी डाना गुलामगिरीच्या काळातल्या मळ्यावर पुन्हा पुन्हा खेचली जाते. ज्या गोऱ्या मालकाच्या बलात्कारातून तिचा वंश पुढं आला, त्याचाच जीव तिला वाचवावा लागतो, नाहीतर तीच जन्माला येणार नाही. शेवटी ती परत येते ती एक हात गमावून. मार्ज पियर्सीच्या १९७६च्या ‘वुमन ऑन द एज ऑफ टाइम’मधली कॉनी गरीब, मेक्सिकन वंशाची, भाचीला मारणाऱ्या दलालावर हात उचलला म्हणून मनोरुग्णालयात डांबलेली. तिला २१३७ सालातली माणसं भेटतात. तिला खरंच भविष्य दिसतं की ती आजारी आहे, हे डॉक्टर ठरवणार. हे वाचताना मला तुळजापूरच्या वाटेवर अंगात येऊन घुमणाऱ्या बायका आठवत होत्या. घुमत असते तोवर सासरा तिच्या पाया पडतो, वारं उतरलं की पुन्हा चुलीपुढं.

या दोन्ही पुस्तकांतल्या बायकांनाही स्वतःचा शोध लागतो. पण त्या मागं-पुढं जाऊन जे पाहतात त्यात माणसं आहेत, मालक आहेत, कायदे आहेत. ‘दोष माझाच’ असा निष्कर्ष घेऊन त्या परत येत नाहीत.

कालप्रवासाचं आणखी एक काम मी स्वतः करते आणि ते अगदी कोरडं, सरकारी आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५चा, लागू झाला २००६ साली. त्यात जो घटनेचा अहवाल भरायचा असतो त्यात रकाने आहेत, कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठं, काय केलं. बाई समोर बसलेली असते आणि तारीख सांगता येत नाही. मग आम्ही दोघी मागं जायला लागतो. तेव्हा सोयाबीन काढून झालं होतं का? कोयत्यावर जायच्या आधी की आल्यावर? ती म्हणते, “येळवस झाली त्येच्या दुसऱ्या दिशी, वनभोजनाची भांडी घासायची ऱ्हायली म्हणून.” मी वेळ अमावस्येचा दिनांक जुन्या दिनदर्शिकेत पाहते आणि रकान्यात लिहिते. मग पोळ्याचं, मग पंचमीला माहेरी जाते म्हणाली तेव्हाचं. मागल्या जल्मापासून सुरू झालेलं बोलणं असं वर्षावर, सणावर, दिवसावर आणि अखेर संध्याकाळच्या सातवर येतं. बऱ्याच जणी इथं थांबतात, कारण तारीख लिहिली गेली की मारणाऱ्याचं नावही लिहावं लागतं.

मैत्रिणींनो, गावच्या वाचनालयाच्या कपाटात काय ठेवायचं हे आपण ठरवायला घेतलं पाहिजे. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, मान्यता मिळालेल्या वाचनालयाला अनुदान मिळतं आणि त्यातून पुस्तकं येतात. ती निवडणाऱ्या मंडळींत बाई क्वचितच असते, आणि मी पाहिलेल्या बहुतेक वाचनालयांत बाई वर्तमानपत्र वाचत बसलेली दिसत नाही. ‘द सीक्रेट’ काढून टाका असं मी म्हणणार नाही. त्याच फळीवर बहिणाबाईंची गाथा, शांताबाईंची चित्तरकथा आणि नारळीकरांच्या कथा असू द्या. ‘किंड्रेड’ मी गोष्ट म्हणून सांगते, सांगायला दोन बैठका पुरतात. बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीत हिशोब संपल्यावर वीस मिनिटं एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी वाती वळत ऐकायचं, असं आमच्या दोन गावांत चाललं आहे. सध्या शांताबाई चालू आहेत. एका गावात मधेच एक सासू उठून गेली. पुढच्या बैठकीला ती परत आली, आणि मागच्या वेळचं कुठवर आलं होतं, असं तिनं विचारलं.