पत्त्यांचे मोल कोणी मोजावे?

पत्त्यावाचून टपाल पोचत नाही, तसा इंटरनेटवरील संदेशही अंकांच्या पत्त्यावाचून पोचत नाही. चौथ्या आवृत्तीचे असे पत्ते सुमारे 429 कोटीच. आशिया-पॅसिफिक विभागातील त्यांचे मुक्त वाटप एप्रिल 2011 मध्येच थांबले. सहाव्या आवृत्तीत पत्ते विपुल आहेत. तथापि जुन्यांवाचून अद्याप भागत नाही.

या विभागाची नोंदवही ब्रिस्बेनची ‘एपनिक’ संस्था ठेवते. भारतात 2012 पासून ‘निक्सी’चा ‘आयआरआयएनएन’ विभाग हे काम पाहतो. एपनिकच्या सूत्रानुसार पत्ते दुप्पट झाले, तरी वार्षिक शुल्क सुमारे तीस टक्क्यांनीच वाढते. नोंदीचा खर्च पत्त्यांच्या प्रमाणात वाढत नाही, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु परिणामी दर पत्त्यामागे लहान सेवादारच अधिक मोजतो. भारतातील दर निराळे असले, तरी प्रश्न हाच आहे.

सिंधुदुर्गात तो केवळ हिशेबाचा नाही. 2020 च्या टाळेबंदीत येथील काही विद्यार्थ्यांना संपर्कासाठी डोंगर चढावा लागला. सड्यापलीकडच्या चार घरांच्या वाडीपर्यंत तार नेण्यात मोठ्या कंपन्यांना लाभ दिसत नाही. तेथे जातो तो तालुक्याचा लहान सेवादार. शुल्कवाढ अखेर त्याच्या ग्राहकाच्याच, म्हणजे शिक्षकाच्या नि विद्यार्थ्याच्या, बिलात उतरते.

संस्था चालवावयाची तर शुल्क हवेच. मात्र पुढील फेरबदलांत किमान शुल्क स्थिर ठेवून वाढीचा भार मोठ्या साठेदारांवर टाकावा. दुर्मीळ वस्तूचा मोठा साठा बाळगणाराने अधिक द्यावे, यात अन्याय कोणता?