मूळ शोधावें कोठें?

घनसमीकरण पुढें आलें कीं घरांतील मुलें वाटेल ते आंकडे घालून पाहूं लागतात. अंदाज करणें गैर नव्हे. पण थांबावें कोठें, हें ठाऊक हवें, असें आम्हांस वाटतें.

चाळीसगांवाजवळील पाटण येथें ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातवानें मठ स्थापिला, त्या भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तील (इ. स. ११५०) उदाहरण घ्या : एका राशीचा घन व तिची बारापट यांची बेरीज, तिच्या वर्गाची सहापट अधिक ३५ एवढी होते. दोहों बाजूंतून सहा वर्ग व ८ वजा करून, दोनानें उणी केलेल्या राशीचा घन २७ होतो, असें आचार्यांनीं दाखविलें. म्हणून राशि ५.

ही युक्ति सर्वांस सुचेलच असें नाहीं. म्हणून समीकरण असें मांडावें : क्ष (क्ष² − ६क्ष + १२) = ३५. क्ष पूर्णांक असेल तर त्यानें ३५ ला नि:शेष भाग गेलाच पाहिजे. आणि घनाचा गुणक १ असल्यानें व्यवहारी अपूर्णांक येथें मूळ असूं शकत नाहीं. (गुणक निराळा असतां अपूर्णांकाचा छेद त्या गुणकाचा विभाजक असतो.) ऋण संख्या घातल्यास डावी बाजू ऋण होते. उरले १, ५, ७, ३५. पैकीं ५ जुळतो.

एकहि न जुळता, तर परिमेय मूळ नाहींच, असें निश्चयानें म्हणतां आलें असतें. ‘नाहीं’ हेंहि सिद्ध करितां येतें, हें मुलांस घरींच कळावें.