बेस हवाय? मग झाकण लावा!

महिन्याची पहिली तारीख उलटली की माझ्या फोनवर एकाच टाइपचे मेसेज यायला लागतात. 'हेडफोन घ्यायचाय. बेस सॉलिड पाहिजे. ओपन घेऊ की क्लोज्ड?' कोणी बजेट कळवतं, कोणी रंग कळवतं, एकाने तर कार्डावरची ईएमआयची ऑफरसुद्धा पाठवली होती. फक्त एक गोष्ट कोणी लिहीत नाही. हा हेडफोन डोक्यावर चढवून तुम्ही बसणार कुठे? विरार लोकलमध्ये, हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये, ऑफिसच्या क्युबिकलमध्ये की रात्री स्वतःच्या खोलीत? बॉस, अर्ध्याहून जास्त उत्तर तिथेच आहे.

पण आधी फंडा क्लिअर करू. कानावर बसणाऱ्या कपाची बाहेरची बाजू बघा. तिथे जाळी असेल आणि जाळीतून हवा आरपार जात असेल तर तो ओपन. तिथे प्लॅस्टिकचं किंवा धातूचं बंद झाकण असेल तर तो क्लोज्ड. जर्मनीच्या सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ काढला आणि ओपन हेडफोनची सुरुवात झाली. पिवळ्या स्पंजच्या गाद्या असलेला तो सडपातळ हेडफोन फोटोत आजही झक्कास दिसतो. त्याआधीचे हेडफोन म्हणजे कानावर दोन वाट्या पालथ्या घातल्यासारखा मामला होता.

आता बेसचं काय होतं ते बघा. हेडफोनच्या आत एक पातळ पडदा असतो. तो पुढे सरकला की कानाच्या बाजूची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी त्याच्या मागची हवा विरळ होते. बारीक, चिरक्या आवाजांना याने फारसा फरक पडत नाही. पण बेसची लाट अवाढव्य असते. ५० हर्ट्झचा सूर घेतला तर हवेतली त्याची एक लाट जवळपास सात मीटर लांब, म्हणजे आपल्या वनरूम किचनच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! एवढ्या सावकाश हलणाऱ्या हवेला पुढून मागे पळायला भरपूर वेळ मिळतो. वाट मोकळी असेल तर पुढची दाबलेली हवा आणि मागची विरळ हवा एकमेकींना भेटतात आणि हिशोब शून्य. बेस गायब.

लहानपणी सायकलमध्ये हवा भरली असेल तर हे लगेच कळेल. पंपाचा वायसर गेला की कितीही दांडा मारा, हवा बाजूने निसटते आणि टायर ढिम्म. क्लोज्ड हेडफोन म्हणजे चांगल्या वायसरचा पंप. पडदा, गादी आणि तुमचा कान यांच्यामधली हवा कोंडलेली असते, तिला पळायला जागा नसते, त्यामुळे अगदी तळातला बेससुद्धा कानाच्या पडद्यापर्यंत पोचतो.

म्हणूनच क्लोज्ड घेताना ब्रँडपेक्षा आधी गादी बघा. चष्म्याच्या काडीने गादी जराशी उचलली गेली, कानाजवळ केस अडकले, किंवा दोन वर्षांनी रेक्झिनचे पापुद्रे निघून गादी चपटी झाली, की वायसर गेलाच म्हणून समजा. टेस्ट एकदम सोपी आहे. गाणं चालू असताना दोन्ही कप तळव्यांनी हलकेच दाबा. बेस एकदम वाढला? मग तुमचा हेडफोन गळतोय. नवीन हेडफोनच्या आधी नवीन गाद्या घेऊन बघा, खिशाला बरं पडेल.

'पण माझ्या मित्राच्या ओपनला जाम बेस आहे,' असं कोणीतरी म्हणणारच. असेल की! कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून बाजारात आहे, ओपन आहे, वजनाला काहीच नाही, आणि बेससाठीच फेमस आहे. गंमत अशी की त्याचा ठोका येतो तो साधारण शंभर हर्ट्झच्या आसपासचा. ढोलकीची थाप, ड्रमचं 'धप्प' तिथेच असतं, म्हणून कान खूश. त्याच्या खूप खाली, तीस-चाळीस हर्ट्झला, जिथे सूर ऐकू येण्याऐवजी नुसता दाब जाणवतो, तिथे त्याचा दम सरतो. हा फरक स्वतः चेक करायचा असेल तर मॅसिव्ह अटॅकचं १९९८ चं 'एंजल' लावा, किंवा जेम्स ब्लेकचं 'लिमिट टू युअर लव्ह'. दुसऱ्यात मध्येच बेस असा काही खाली उतरतो की साध्या इअरफोनवर तिथे गाणं थांबलंय असं वाटतं. ओपनमध्ये तळाचा बेस नीट देणारे हेडफोन आहेत, प्लेनर मॅग्नेटिक नावाचे, मोठा सपाट पडदा असलेले. पण ते जड असतात, आणि त्यांची किंमत घरी सांगताना थोडी कमी करून सांगावी लागते.

एकाच कारखान्यातली तुलना हवी असेल तर बायरडायनॅमिकची जोडी बघा. डीटी ७७० प्रो क्लोज्ड, डीटी ९९० प्रो ओपन. तोंडवळा इतका सारखा की सख्खी भावंडं वाटावीत. ७७० वर बेस खोल जातो, पण डब्यात बसून ऐकल्याचा थोडा फील येतो. ९९० वर तळ थोडा उथळ, मात्र वाद्यं एकमेकांपासून सुटी होतात, कोण कुठे उभं राहून वाजवतंय ते कळतं. 'सैराट'चं 'झिंगाट' दोन्हींवर ऐका. क्लोज्डवर तुम्ही मिरवणुकीच्या मधोमध असता, ओपनवर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत. मला स्वतःला रविवारी सकाळी गॅलरी आवडते, पण बेससाठी पैसे मोजणाऱ्याला मी गॅलरीचं तिकीट विकणार नाही. आणि हो, खोक्यावर २५० ओहम लिहिलेलं मॉडेल नुसत्या मोबाइलला लावून 'आवाजच येत नाही' म्हणून रडू नका. त्याला अॅम्प्लिफायर लागतो.

आता ट्रेनमध्ये चढू. रुळांची घरघर, पंख्यांचा आणि मोटरचा गुरगुराट हा बहुतेक सगळा खालच्या सुरांचा गोंगाट आहे. म्हणजे तुमच्या बेसच्याच पट्टीत बसलेला. तो सगळ्यात आधी बेसच गिळतो. ओपन हेडफोन हा गोंगाट जसाच्या तसा आत येऊ देतो, वर तुमचं गाणं शेजारच्या काकांना फुकट ऐकवतो. मग बोट आपोआप व्हॉल्यूमकडे जातं. आणि इथून पुढे मामला सिरियस होतो.

माझा मामेभाऊ पुण्यात ढोल पथकात वाजवतो. गणपतीच्या आधी दोन-दोन महिने प्रॅक्टिस, मग विसर्जनाची ती लांबलचक रात्र. मागच्या वर्षी त्याने मला फोन केला, "दादा, असा हेडफोन सांग ना ज्यात ढोल छातीत वाजेल." मी म्हटलं, "अरे, आहे त्यात काय प्रॉब्लेम आहे?" तर म्हणे, "फुल्ल व्हॉल्यूमवरसुद्धा मजा येत नाही. आणि रात्री झोपताना कानात शिट्टी वाजते, ती पण दाबायचीय."

आता याला काय सांगणार? ढोलाचा ठोका आपण एकट्या कानाने ऐकत नाही, बरगड्यांनी ऐकतो. डीजेच्या भिंतीसमोर (तिला आपल्याकडे सगळे 'डॉल्बी' म्हणतात, त्या बिचाऱ्या कंपनीचा तिच्याशी काही संबंध नसताना) पँट फडफडते ती कानामुळे नव्हे. हेडफोन फक्त कानाला आवाज देतो. छातीतली धडधड कुठल्याच हेडफोनमध्ये नाही, ओपन नाही, क्लोज्ड नाही, दहा हजारांचा नाही, लाखाचा नाही. ती शोधत तुम्ही आवाज वाढवत जाता, आणि मिळत ती कधीच नाही.

त्याला हेडफोन सांगण्याआधी मी कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. ऑडिओमेट्री झाली. ग्राफ खालच्या सुरांना सरळ आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा. मोठ्या आवाजाने बिघडणारे कान बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतात. म्हणजे ज्या बेससाठी एवढी मारामारी, तो शाबूत राहतो, आणि स, श, फ ही अक्षरं पुसट होतात. मामी स्वयंपाकघरातून हाक मारते ती त्याला ऐकू जाते, पण ती काय म्हणाली ते दुसऱ्यांदा विचारावं लागतं. वय वर्षं सव्वीस. गेलेल्या पेशी परत उगवत नाहीत, हे डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं.

जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेबरोबर २०१९ मध्ये एक मानक काढलं. मोठ्या माणसांसाठी हिशोब असा की ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास. आवाज तीन डेसिबल वाढला की वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाच. रोज बोरिवली ते चर्चगेट जाऊन-येऊन दोन तास धरले तर ८९ डेसिबलवाल्याचा आठवड्याचा कोटा बुधवारी सकाळीच संपतो! बरेच फोन आता आवाज वाढवताना वॉर्निंग देतात. ती आपण 'ओके' दाबून उडवून लावतो, तेवढं करू नका.

आता प्रवासातल्या बेसचं माझं उत्तर तुमच्या लक्षात आलं असेल. क्लोज्ड, आणि बजेट ताणता आलं तर नॉइज कॅन्सलिंगवाला. हे तंत्र खालच्या, एकसुरी गोंगाटावर सगळ्यात चांगलं चालतं, म्हणजे नेमकी ट्रेनची घरघर कापतं. घरघर गेली की बेस कमी व्हॉल्यूमवरसुद्धा उघडा पडतो. तरीही कमी वाटला तर अॅपमधल्या इक्वलायझरवर बेस तीन-चार डेसिबल उचला आणि एकूण आवाज उतरवा. फक्त स्टेशनवर, रस्ता ओलांडताना, रूळ दिसतील तिथे तो कानावरून खाली. यात चर्चा नाही.

ऑफिसमध्येही क्लोज्डच, बाजूच्या डेस्कवरच्या मॅडमशी संबंध टिकवायचे असतील तर. ओपनची जागा घरी, दार लावल्यावर. दोन-तीन तास सलग ऐकलं तरी कान शिजत नाहीत, आणि आई जेवायला बोलावते ते ऐकू येतं. रूममेट असेल तर आधी त्याची परवानगी काढा, कारण रात्री एक वाजता तुमच्या हेडफोनमधली हाय-हॅट त्याला डासासारखी ऐकू येते. सेनहायझरचा एचडी ६०० १९९७ चा आहे आणि अजून लोक तो शोधत फिरतात. पण बेससाठी नाही हं, गळ्यासाठी. किशोरीताईंची आलापी त्यावर ऐका आणि मग मला मेसेज करा.

भावाने शेवटी क्लोज्डच घेतला, नॉइज कॅन्सलिंगवाला. फोनमध्ये व्हॉल्यूमची लिमिट लावून घेतली, ती मी स्वतः लावली. पथकात आता इअरप्लग घालून वाजवतो. पहिल्या दिवशी पोरं हसली, नंतर दोघांनी कुठे मिळतात म्हणून विचारलं.

तुम्ही लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत जाणार असाल तर स्वतःच्या फोनमध्ये स्वतःची तीन गाणी घेऊन जा. दुकानातला डेमो ट्रॅक हेडफोन विकण्यासाठीच निवडलेला असतो. चष्मा असेल तर चष्मा लावून ऐका. आणि 'ओपन दाखवा' म्हटल्यावर दुकानदाराने कानाबाहेर लटकणारे 'ओपन इअर' बड्स काढले तर हात जोडा. ते रस्त्यावर पळणाऱ्यांसाठी ठीक आहेत, पण बेस त्यांच्यात नावालाच.