हेडलाइट बदलण्याआधी एकदा समोरून बघा

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्याकडे चारचाकी आहे आणि ज्यांना रात्री दुचाकीवर किंवा पायी रस्त्यानं जावं लागतं, अशा दोघांसाठीही आहे. त्यामुळे वेळ काढून वाचा.

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. रात्री साडेआठच्या सुमारास शेतातली मोटार चालू करून मी मोटारसायकलवर घरी येत होतो. फाट्यापासून गावापर्यंतचा आमचा रस्ता म्हणजे दोन गाड्या जेमतेम बसतील एवढाच. समोरून एक गाडी आली आणि डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं. मी दोनदा डिप्पर मारला, काही फरक नाही. ब्रेक दाबत गाडी साइडपट्टीकडे घेतली, तर हाताच्या अंतरावर ऊस भरलेली ट्रॉली उभी. टायर बसला म्हणून ट्रॅक्टर सोडवून नेलेला. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. उसाची टोकं हेल्मेटला घासली, एवढ्यावर निभावलं.

ती गाडी शेजारून गेली तेव्हा शिवी हासडायला मान वळवली, तर नंबर ओळखीचा निघाला. माझीच गाडी. आईला स्टँडवरून आणायला पुतण्या निघाला होता. घरी आल्यावर विचारलं, तर बिचारा डिप्परवरच चालवत होता. अप्परला त्यानं हातही लावला नव्हता. त्याची काहीच चूक नव्हती. चूक तीन आठवड्यांपूर्वी मी करून ठेवली होती.

माझी गाडी दहा वर्षांची, साधी हॅचबॅक. रात्री उजेड कमी पडतो म्हणून मी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो. "दादा, हॅलोजन आता कोण वापरतंय?" म्हणत त्यानं एलईडीची जोडी दाखवली. २,८०० रुपये, वीस मिनिटांचं काम. मागचा पंखा बसेना म्हणून हेडलाइटच्या पाठची रबरी टोपी त्यानं ब्लेडनं कापली. मीही बघत उभा होतो, काही बोललो नाही. घरी येताना रस्ता दिवसासारखा लख्ख. मी खूश. त्यानंतर समोरून येणारा प्रत्येक जण मला डिप्पर मारायला लागला आणि मी मनात म्हणायचो, लोकांना शिस्तच नाही!

ट्रॉलीच्या त्या रात्रीनंतर मात्र मी हा विषय मुळापासून समजून घेतला. जे कळलं ते साध्या भाषेत सांगतो.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना एच-४ प्रकारचा बल्ब असतो. एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, अप्परची ६० वॉट आणि डिप्परची ५५ वॉट. डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. सगळी कारागिरी त्या वाटीत आहे. ती खालचा उजेड अडवते, त्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्याकडे वळतो. म्हणून चांगल्या हेडलाइटचा डिप्पर भिंतीवर टाकला की उजेडाची वरची कड सुरीनं कापल्यासारखी दिसते. कडेच्या वर अंधार, खाली उजेड. समोरच्याचे डोळे त्या वरच्या अंधारात राहावेत, हा सगळा हिशोब.

रिफ्लेक्टरचा आकार त्या बारीक फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. तिथे एलईडीच्या चपट्या चिप बसवल्या की उजेडाची जागा आणि आकार दोन्ही बदलतात. फिलामेंटची नक्कल बऱ्यापैकी साधणारे बल्बही मिळतात, पण माझ्या गाडीत बसवलेल्या जोडीत ती साधलेली नव्हती. मग ती कड विस्कटते आणि उजेड वर, बाजूला, झाडांवर, समोरच्याच्या चेहऱ्यावर जातो. आपल्याला वाटतं उजेड वाढला. वाढलेला असतो तो बोनेटच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरमध्ये. जवळचं एवढं लख्ख झालं की आपलेच डोळे त्याला सरावतात आणि लांबचा माणूस, बैलगाडी, खड्डा उलट कमी दिसतो. म्हणजे पैसे घालून आपण समोरच्याला आंधळं करतो आणि स्वतःलाही थोडं.

दुसरा लाडका प्रकार म्हणजे १००/९० वॉटचा हॅलोजन. यात जास्त हाल होतात ते वायरिंगचे. मूळ वायरिंग दोन बल्बच्या अप्परला १२० वॉटच्या हिशोबानं केलेलं असतं, म्हणजे साधारण १० अँपिअर. १०० वॉटचे दोन बल्ब लावले की तोच आकडा १७ च्या आसपास जातो. वायर तापते, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी करपते. काही जण रिले न लावता नुसता मोठा फ्यूज घालतात. मोठा फ्यूज घातल्यानं वायर जाड होत नाही, एवढंच होतं की फ्यूज जायच्या आधी वायर जळते.

मग उजेड खरंच कमी असेल तर करायचं काय? मी जे केलं ते क्रमानं सांगतो.

आधी एलईडी काढून कंपनीच्या वॉटचाच, चांगल्या कंपनीचा नवा हॅलोजन बसवला. बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागलं की तो लवकर जातो. कापलेली रबरी टोपी नवीन आणली. ती उघडी राहिली असती तर पावसाळ्यात आत पाणी आणि धूळ जाऊन रिफ्लेक्टरच खराब झाला असता.

मग हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून घेतली. ती काच नसतेच, प्लास्टिक असतं, आणि उन्हानं ते धुरकट होतं. माझा निम्मा प्रश्न इथेच होता.

तिसरं काम वायरिंगचं. आमच्या ओळखीच्या जुन्या वायरमननं इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर १२.३. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्यानं पडतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झालं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे माझा सुमारे एक तृतीयांश उजेड जुनाट वायर आणि स्विचमध्येच जिरत होता, आणि मी दोष देत होतो बल्बला!

त्यानं दोन रिले बसवले, एक अप्परला, एक डिप्परला. बॅटरीच्या प्लसवरून जाड तांब्याची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला. ८७ नंबरवरून थेट बल्बला. गाडीच्या मूळ होल्डरमधून येणारा करंट आता फक्त रिले ओढायला, म्हणजे ८५-८६ ला. अर्थिंग रंग खरवडून मोकळ्या पत्र्यावर. मूळ वायर एकही कापली नाही. उद्या काढायचं म्हटलं तर दोन मिनिटांत निघेल. होल्डरवर आता १३.६ व्होल्ट येतात. फ्यूज बॅटरीजवळच का, हे त्याला विचारलं. म्हणाला, "वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कोण वाचवणार?" नव्या गाड्यांत मात्र लाइट कॉम्प्युटरवर चालतात. तिथे ही जोडाजोडी माहिती नसलेल्या माणसाकडून अजिबात करू नका.

शेवटचं काम फुकटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करायची. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर माणूस बसलेला. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखायची. डिप्परची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली हवी, आणि चढ असेल तर तो डाव्या बाजूला हवा, उजव्या नाही. नसेल तर हेडलाइटच्या मागचा स्क्रू फिरवून जुळवायचं. बाहेरून प्रोजेक्टर आणून बसवणाऱ्यांनी हे आवर्जून बघा. उजवीकडून गाड्या चालणाऱ्या देशांसाठीचा प्रोजेक्टर असेल तर त्याचा चढ नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागे चार माणसं आणि सामान असलं की गाडीचं नाक वर होतं. त्यासाठीच डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं चाक असतं. किती जणांनी ते कधी फिरवलंय?

आता कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की हेडलाइटचा झोत एकतर कायम खाली वळवलेला असला पाहिजे, नाहीतर चालकाला तो खाली वळवता आला पाहिजे. किती? तर दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी ठरेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंड मालकाला. वीस मिनिटांत बसवून देणारा दुकानदार मात्र मोकळा फिरतो.

पण मला खरी खटकते ती दुसरी गोष्ट. ट्रक, टेम्पो, रिक्षा यांना ठरावीक काळानं फिटनेस तपासणी आहे. आपल्या खाजगी कारची नोंदणी १५ वर्षांची. तोपर्यंत तिचे हेडलाइट कुठे बघतात, हे कुणीही तपासत नाही. पीयूसी करायला आपण नियमानं जातो, तिथे तपासतात फक्त धूर. सायलेन्सरमध्ये नळी घालायला माणूस गाडीच्या मागे जातो, तोच दोन मिनिटं पुढे आला तर? भिंतीवर एक रेघ आणि जमिनीवर एक खूण, एवढंच लागतं. पीयूसी केंद्रात डिप्परची कड बघायची सोय झाली पाहिजे, ही माझी परिवहन खात्याकडे मागणी आहे. पहिल्या वेळी दंड नको, नुसतं सांगा आणि स्क्रू फिरवून द्या. निम्म्याहून अधिक लोक माझ्यासारखे असतील, त्यांना ठाऊकच नसतं.

लोक काय म्हणतील तेही ऐकलंय. "समोरचे सगळे अप्परवर असतात, मग मीच का डिप्परवर?" अहो, दोघंही आंधळे झाल्यावर मधल्या सायकलवाल्याचं काय? "रस्तेच अंधारे आहेत." आहेत, त्यासाठीच अप्पर दिलाय, समोर कुणी नसेल तेव्हा खुशाल वापरा. आणि कुंभार्ली घाटात धुक्यात तो लावून बघा, समोर पांढरी भिंत उभी राहते. "कंपनीच्याच नव्या गाड्यांना एलईडी असतात." असतात, पण तिथे अख्खा दिवा एलईडीसाठी घडवलेला असतो. तरीही उंच गाड्यांचे दिवे आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतात, ही तक्रार खरी आहे आणि ती कंपन्यांनी ऐकायला हवी. बंपरवर एलईडीचे बार लावून गावात फिरणाऱ्या पोरांना मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्यांच्या आईवडिलांना एकदा त्या गाडीसमोर उभं करावं, एवढंच सुचतं.

आणि हो, त्या ट्रॉलीलाही दिवा हवाच होता. हंगाम तोंडावर आलाय. ट्रॅक्टरवाल्या मित्रांनो, मागे लाल रिफ्लेक्टर लावा, बंद पडली तर मागे दगड नको, काहीतरी चमकणारं ठेवा. कारखान्यांनी गेटवरच हे बघावं. पण ट्रॉलीला नावं ठेवताना मला माझा उजेड विसरता येत नाही. मोटारसायकलचा पिवळा दिवा ती ट्रॉली दाखवायला पुरेसा होता. माझ्याच गाडीनं तो पुसून टाकला.

आज रात्री एक काम करा. गाडी डिप्परवर चालू ठेवून घरातल्या कुणाला तरी आत बसवा आणि तुम्ही वीस-तीस पावलं समोर जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहा. डोळे उघडे ठेवता आले तर ठीक. नाही आले तर उद्या सकाळी वायरमनकडे जा. मी ते तीन आठवडे उशिरा केलं, आणि बघायला मीच समोर होतो म्हणून बरं. त्या जागी शाळेतून सायकलवर येणारं एखादं पोर असतं तर ही पोस्ट लिहायचं माझं धाडस झालं नसतं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडू, पण आधी भिंतीवर डिप्पर टाकून बघा.